विषयशिक्षकाचे शिक्षण आणि खाजगी विद्यापीठ : महाड-पोलादपूरच्या दृष्टीने एक विचार

महाड शहराच्या पूर्वेस बिरवाडीच्या बाजूला पसरलेली औद्योगिक वसाहत ही मुख्यतः रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. औषधी द्रव्ये, रंगद्रव्ये, शेतीस लागणारी रसायने अशा अनेक वस्तूंचे उत्पादन येथे होते. वसाहतीच्या भोवताली सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांची खोरी आहेत, आणि दक्षिणेस व पूर्वेस पोलादपूरचा डोंगराळ मुलूख थेट सह्याद्रीच्या कड्याला भिडला आहे. या टापूतील माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या घरातून कोणी ना कोणी कारखान्यात कामाला जाते. आम्ल, द्रावक, वाफ, दाब, बाष्पपात्र हे शब्द त्याच्या कानांवर रोज पडत असतात. असे असता याच मुलाला शाळेतील रसायनशास्त्राचा तास परका वाटावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. दोष मुलाचा नाही आणि पुष्कळ वेळा पाठ्यपुस्तकाचाही नाही. विषय जाणणारा आणि तो विषय कसा शिकवावा हेही जाणणारा शिक्षक वर्गात असतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

अशा शिक्षकाची घडण हा या लेखाचा विषय आहे. अलीकडच्या काळात अध्यापक शिक्षणाचे अभ्यासक्रम खाजगी विद्यापीठांतूनही चालू झाले आहेत. रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ भाताण येथे २०१४ पासून एक खाजगी विद्यापीठ आहे, तर मुंबईत विद्याविहार येथे २०१९ साली दुसरे स्थापन झाले. महाड-पोलादपूरकडील पदवीधर मुले-मुली, आणि वसाहतीत काही वर्षे नोकरी करून शिक्षकी पेशाकडे वळू इच्छिणारे विज्ञान पदवीधर, अशा संस्थांची माहितीपत्रके मागवू लागले आहेत. त्यांना सल्ला देण्याची वेळ गावचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व पंचायत सदस्य यांच्यावरच येते.

विषय आणि पद्धती : दोन टोके

अध्यापक शिक्षणाच्या जुन्या रचनेत एक गृहीत धरलेले असे. विषयाचे ज्ञान पदवी महाविद्यालयात मिळालेच आहे. प्रशिक्षण महाविद्यालयाने फक्त शिकविण्याची रीत द्यावयाची. त्यामुळे पाठ टाचण, फळ्याचा वापर, प्रश्न विचारण्याची कला, शैक्षणिक मानसशास्त्र यांवर भर राही आणि विषय मागे पडे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने या व्यवस्थेचे वर्मच दाखवून दिले. प्रशिक्षण संस्था विद्यापीठीय जीवनापासून अलग पडल्या आहेत, शाळांपासूनही अलग पडल्या आहेत, असे आयोगाचे निदान होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचा निकटचा संबंध होता. खेड्यातील शाळा त्यांनी जवळून पाहिली होती.

त्याआधीच, १९६३ च्या सुमारास, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली आणि तेथे विज्ञान व अध्यापन यांचा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केला. महाराष्ट्र हा भोपाळच्या क्षेत्रात येतो. विषय शिकत असतानाच तो शिकविण्याचाही विचार विद्यार्थ्याने करावा, ही त्यामागची कल्पना होती. १९८६ साली अमेरिकेतील ली शुलमन यांनी याच गोष्टीला सिद्धांताचे रूप दिले. रसायनशास्त्रज्ञाला रसायनशास्त्र येते. शिक्षकाला त्याखेरीज आणखी एका प्रकारचे ज्ञान असावे लागते. कोणती कल्पना मुलाला कुठे अडवते, कोणता दाखला तिला मोकळे करतो आणि कोणता दाखला उलट गोंधळ वाढवितो, हे ते ज्ञान होय. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमांत 'आशययुक्त अध्यापन पद्धती' या नावाने जो भाग असतो, त्याचा अर्थ हाच. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी या नावाखाली पाठ्यपुस्तकातील घटकांचे तक्ते करण्यापलीकडे काही होत नाही.

एका शब्दाचे उदाहरण

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून वसाहतीलगतच्या कोणत्याही शाळेत घडू शकेल असा एक प्रसंग घेऊ. वर्ग आठवीचा किंवा नववीचा आहे आणि पाठ आम्ल व आम्लारी यांचा आहे. मराठी पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते. म्हणजे मीठ हा एक क्षार. परंतु वसाहतीत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुलेही या वर्गात बसतात. हिंदी परिभाषेत मिठासारख्या पदार्थाला लवण म्हणतात, आणि 'क्षार' हा शब्द तेथे आम्लाच्या विरोधी गुणाच्या पदार्थासाठी येतो. एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ. शिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर मुलाने बरोबर समजून लिहिलेले उत्तरही चूक ठरते, आणि आपले काय चुकले हे त्या मुलाला कधीच कळत नाही.

त्यात मराठी मुलाची अडचण वेगळीच आहे. खाडीकाठच्या खार जमिनीमुळे 'क्षार' म्हटले की त्याला खारेपण आठवते. साऱ्याच क्षारांची चव खारट असते असा त्याचा समज होतो. कोणी चव पाहण्यासही धजावतो, आणि रासायनिक वसाहतीच्या परिसरात हे धाडस साधे नव्हे.

पुढचा मुद्दा 'सामू'चा, ज्याला कारखान्यात पीएच म्हणतात. ० ते १४ ही मापनश्रेणी, ७ म्हणजे उदासीन, एवढे पाठ करून मुले गुण मिळवितात. पण ही श्रेणी पट्टीवरच्या सेंटिमीटरांसारखी नाही. सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दहा पटींनी वाढते. सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ६ ते ९ च्या दरम्यान असावा असे मानक आहे. या दोन टोकांमध्ये हजार पटींचे अंतर आहे, ही गोष्ट मुलाला प्रथम ऐकताना खरीच वाटत नाही. दुसरा गैरसमज याहून खोल आहे. सामू ७ म्हणजे पाणी शुद्ध, असे मुले आणि पुष्कळ मोठी माणसेही मानतात. वास्तविक सामू अगदी योग्य असलेल्या पाण्यातही प्राणवायू शोषून घेणारी सेंद्रिय द्रव्ये भरपूर असू शकतात, आणि त्या पाण्यात मासा जगत नाही. म्हणूनच सांडपाण्याची परीक्षा करताना जैविक व रासायनिक प्राणवायू मागणी स्वतंत्रपणे मोजावी लागते.

गणिताच्या शिक्षकाचेही येथे काम आहे. 'दशलक्षात एक भाग' हे माप लिटरमागे एक मिलिग्रॅम असे समजावून दिले, की गुणोत्तराचे गणित जिवंत होते. लिटरमागे २५० मिलिग्रॅम हा आकडा क्षुल्लक वाटतो. तोच एक लाख लिटर पाण्याला लावला तर २५ किलोग्रॅम होतो, आणि हा गुणाकार सातवीच्या मुलालाही करता येतो.

हे सारे करण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कोकणातल्या प्रत्येक घरी आमसूल असते. आमसुलाचे लाल पाणी हा उत्तम नैसर्गिक दर्शक आहे. आम्लात त्याचा तांबडा रंग टिकतो, खाण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी घातली की पालटतो. हळदीचा कागद साबणाच्या पाण्याने लालसर होतो, हे तर घरातील बाईमाणसाला शिकवावे लागत नाही. मात्र कोणता प्रयोग कोणत्या कल्पनेसाठी आणि कोणत्या क्रमाने घ्यावा, आणि तीव्र आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हा नियम कधी सांगावा, हा निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व कामगारांचे बळी गेले. ज्या गावातून ते कामगार येतात, तेथील शाळेत ज्वलनशील द्रावकाचा पाठ कसा शिकविला जातो, हा निव्वळ गुणपत्रिकेपुरता प्रश्न राहत नाही.

भूगोलाचेही असेच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गाडली. त्यापूर्वी २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांनी हाच अनुभव घेतला होता. उतार, मुरलेले पाणी, झिजलेला खडक आणि भरतीमुळे तुंबणारी नदी यांचा संबंध नकाशावर दाखवू शकणारा भूगोल शिक्षक या भागात अत्यावश्यक आहे. पदवीला भूगोल न घेतलेल्या आणि केवळ रिकामी तासिका भरण्यासाठी नेमलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिहींसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. विषयशिक्षकाची गरज ही आता केवळ शिक्षणतज्ज्ञांची इच्छा राहिलेली नसून ती कायद्याची अट आहे. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरील लहान शाळांत पटसंख्या इतकी कमी असते की एका-दोघा शिक्षकांनी सारे वर्ग व सारे विषय सांभाळायचे, हे तेथील नित्याचे चित्र. तेथे विज्ञानाचा एकच जाणता शिक्षक दोन-तीन शाळांना कसा उपयोगी पडेल, याचा विचार केंद्रशाळेच्या पातळीवरच करावा लागेल.

अध्यापक शिक्षणाच्या बाजूने १९९३ चा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अधिनियम महत्त्वाचा आहे. खाजगी विद्यापीठाविषयी जो सर्वांत मोठा गैरसमज आढळतो, तो याच ठिकाणी. राज्य विधिमंडळाच्या अधिनियमाने स्थापन झालेल्या विद्यापीठास विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार असतो, हे खरे. पण बी.एड. सारख्या अभ्यासक्रमासाठी तेवढे पुरत नाही. त्या विशिष्ट अभ्यासक्रमास अध्यापक शिक्षण परिषदेची स्वतंत्र मान्यता असावी लागते. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी शासकीय किंवा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही, असे त्या अधिनियमाच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. दोन वर्षांचा वेळ आणि बापाची भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम अशा पदवीवर खर्च झाली, तर ती परत मिळत नाही.

पदवीच्या ग्राह्यतेचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत; म्हणजे ते स्वतःच विषयशिक्षक. १९१६ साली त्यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे महिला विद्यापीठ काढले ते पूर्णतः खाजगी होते, सरकारी सनद त्याला नव्हती. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. लगेच दुसऱ्या वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा सुरू केली. तेथील पदवीधर स्त्रिया 'गृहीतागमा' म्हणवीत; परंतु त्या पदवीला सरकारमान्यता नसल्याने नोकरीच्या दारात त्यांना अडचण सोसावी लागे. १९५१ साली वैधानिक दर्जा मिळेपर्यंत पस्तीस वर्षे अशी गेली. कर्व्यांच्या विद्यापीठाची गुणवत्ता कोणी नाकारली नाही. तरीही कागदाचे बळ वेगळे असते. याच्या उलट टोकाचे उदाहरण छत्तीसगडचे. तेथे २००२ च्या एका अधिनियमाखाली अल्पावधीत शंभराच्या आसपास खाजगी विद्यापीठे निघाली. पुष्कळांजवळ इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी त्या अधिनियमातील संबंधित तरतुदी रद्द केल्या. तेथे कागद होता, विद्यापीठ नव्हते.

प्रवेश घेण्यापूर्वी

मान्यतेचा आदेश पाहताना त्यात अभ्यासक्रमाचे नाव, प्रवेशसंख्या आणि ठिकाण ही तिन्ही तपासावीत. एका ठिकाणच्या मान्यतेवर दुसऱ्या गावी वर्ग चालविता येत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या गाळ्यात 'अमुक विद्यापीठाचे केंद्र' अशी पाटी दिसली, तर तेथे पैसे भरण्याची घाई करू नये.

त्यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे अध्यापकवर्ग. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले. पन्नासाच्या दोन तुकड्यांसाठी, म्हणजे दोन्ही वर्षे मिळून २०० विद्यार्थ्यांसाठी, १६ पूर्णवेळ अध्यापक असावेत आणि त्यांपैकी आठ जण गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांच्या अध्यापनपद्धतीचे असावेत, असे प्रमाण त्यात घालून दिले आहे. निम्मा अध्यापकवर्ग विषयपद्धतीचा, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे. इच्छुकाने बेधडक विचारावे : विज्ञानाची पद्धती शिकविणारे प्राध्यापक स्वतः कोणत्या विषयात पदव्युत्तर आहेत? वर्षातून किती दिवस ते शाळेत जातात? ज्या संस्थेत विज्ञान, इतिहास आणि मराठी या तिन्ही पद्धती एकच व्यक्ती 'घेते', तेथे विषयनिष्ठ अध्यापक शिक्षण नावापुरतेच समजावे, मग इमारत कितीही झगमगीत असो.

दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेत छात्रसेवाकाल पुरा करावा लागतो. वर्गातील कामासाठी ८० टक्के व छात्रसेवाकालासाठी ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. कारखान्यातील पाळी सांभाळून, केवळ परीक्षेपुरते जाऊन हा अभ्यासक्रम पुरा होऊ शकेल असे कोणी सांगत असेल, तर तो नियमाविरुद्ध बोलत आहे. सेवेतील शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ मार्ग वेगळा आहे. त्याची गल्लत येथे करू नये. शुल्क किती, ते दरवर्षी वाढणार काय, आणि आपल्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती त्या विद्यापीठास लागू आहे काय, हे तोंडी न विचारता लेखी घ्यावे.

वसाहतीतील अभियंत्यांसाठी एक माहिती उपयोगाची आहे. विज्ञान व गणित यांतील विशेषीकरणासह अभियांत्रिकी पदवीला ५५ टक्के गुण असल्यास बी.एड. प्रवेशासाठी ते पात्र ठरू शकतात. इतर पदवीधरांसाठी ही अट ५० टक्क्यांची आहे. संयंत्रावर दहा वर्षे काम केलेला माणूस वर्गात आला तर त्याच्याजवळ दाखल्यांचा तोटा नसतो. मुलाला काय कळत नाही हे ओळखण्याची सवय मात्र त्याला नव्याने लावून घ्यावी लागते, आणि ती सवय लावणे हेच चांगल्या अभ्यासक्रमाचे काम.

बी.एड. झाले म्हणजे कोणत्याही वर्गास शिकविता येईल, हाही समज टाकून दिला पाहिजे. ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले; त्या वर्गांसाठी प्रारंभिक शिक्षणाची पदविकाच लागते. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर द्यावा लागतो, आणि त्यातही गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्रे हे ठरवावे लागते. पदवीचा विषय, बी.एड. ची पद्धती आणि पात्रता परीक्षेतील गट ही साखळी प्रवेशाच्या दिवशीच जुळवून घ्यावी. रसायनशास्त्राच्या पदवीधराने जागा शिल्लक होती म्हणून इतिहासाची पद्धती घेतली, तर पुढे नेमणुकीच्या वेळी त्याची दोन्हीकडून ओढाताण होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे २०३० पर्यंत चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावयाची आहे. २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. हा अभ्यासक्रम बहुविद्याशाखीय संस्थेतच चालवावयाचा असल्याने ज्या विद्यापीठात विज्ञान, कला व शिक्षण हे विभाग एका आवारात आहेत, त्यांना अनुकूलता आहे. खाजगी विद्यापीठांचे महत्त्व वाढते ते यामुळे. मात्र एका आवारात असणे म्हणजे एकत्र असणे नव्हे. रसायनशास्त्राचा प्राध्यापक शिक्षण विभागाच्या विद्यार्थ्याचा शाळेतील पाठ पाहावयास जातो काय, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो.

छात्रसेवाकाल आपल्या शाळेत

पंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक यांना प्रत्यक्ष करता येण्याजोगी एक गोष्ट उरते. छात्रसेवाकालासाठी विद्यापीठांना शाळा लागतात, आणि सोयीसाठी ती शहरातील शाळा निवडतात. महाड-पोलादपूरचा विद्यार्थी बाहेर शिकत असला, तरी त्याचा सेवाकाल त्याच्या तालुक्यातील शाळेत व्हावा, अशी लेखी मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करता येईल. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञान अध्यापनाचा प्रयोग केला होता. विज्ञानाच्या मराठीतील भाषेचा अडसर किती मोठा असतो, यावर त्या केंद्राने विशेष काम केले आहे. खेड्यातील शाळा ही अभ्यासाची जागा होऊ शकते, हे त्यातून दिसले.

महाडच्या छात्रशिक्षकाला असा अभ्यास करावयास सामग्री शोधावी लागणार नाही. आषाढात नदी दुथडी भरलेली असताना आणि फाल्गुनात ती आटलेली असताना, गावच्या विहिरीचे आणि नदीचे पाणी सुरक्षित ठिकाणाहून घेऊन मुलांनी त्याचा सामू दर्शक-पट्टीने नोंदवावा, आमसुलाच्या पाण्याशी पडताळावा, आणि वर्षभराचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा. क्षार, लवण आणि मीठ हे तीन शब्द तीन रकान्यांत लिहून, कोणाच्या घरी कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतात, हेही त्याच तक्त्याखाली मुलांकडून भरून घेता येईल.